युयाय्याको: पहिली चढाई कोणाची?

१/ चिली आणि अर्जेंटिना यांच्या सीमेवर युयाय्याको हा ६,७३९ मीटर उंचीचा ज्वालामुखी आहे. गिर्यारोहणाच्या नोंदींनुसार त्याची पहिली चढाई १९५२ साली बिऑन गोन्सालेस आणि हुआन हार्साइम यांनी केली. मात्र माथ्याजवळ पोहोचताच या दोघांना दगडी बांधकामांचे अवशेष दिसले. तेथे त्यांच्या आधी माणूस येऊन गेला होता!

२/ ते अवशेष इंका साम्राज्याच्या काळातील, म्हणजे सुमारे ५०० वर्षांपूर्वीचे होते. इंकांसाठी उत्तुंग पर्वत हे देवतास्वरूप होते. घोडा नाही, गाडी नाही, लोखंडी अवजार नाही. तरीही जेथे श्वास घेणेही कठीण, अशा उंचीवर त्यांनी भिंती उभारल्या.

३/ १९९९ साली योहान राइनहार्ड आणि कोन्स्तान्सा सेरुती यांच्या पथकाने येथे उत्खनन केले. गोठलेल्या मातीखाली तीन मुलांचे देह सापडले: सुमारे १३ वर्षांची एक मुलगी आणि तिच्याहून बरीच लहान असलेली एक मुलगी व एक मुलगा. सोबत सोन्या-चांदीच्या लहान मूर्ती, वस्त्रे आणि मृत्पात्रे होती.

४/ ‘कापाकोचा’ या राजकीय-धार्मिक विधीत या मुलांचा बळी देण्यात आला होता. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या केसांच्या अभ्यासातून मोठ्या मुलीचे अखेरचे दिवस उलगडले. मृत्यूच्या सुमारे वर्षभर आधी तिचा आहार एकाएकी सुधारला, कोकाच्या पानांचे सेवन वाढले आणि शेवटच्या काही आठवड्यांत मद्याचे प्रमाण सर्वाधिक झाले.

५/ इंकांकडे अक्षरलिपी नव्हती; हिशेब आणि नोंदी ते दोऱ्यांच्या गाठींत ठेवत. त्यामुळे या मुलांची नावे आपल्यापर्यंत पोहोचली नाहीत. त्या मुलीचे केस हाच तिच्या आयुष्याचा एकमेव दस्तऐवज ठरला.

६/ आज हे देह अर्जेंटिनातील साल्ता येथील संग्रहालयात अतिशीत तापमानात जतन केलेले आहेत. ते प्रदर्शनात मांडण्यास तेथील काही आदिवासी समुदायांनी आक्षेप घेतला. अभ्यासकाला जो पुरावा वाटतो, तो त्यांच्या दृष्टीने पूर्वजांचा देह आहे.

७/ म्हणूनच १९५२च्या नोंदीत ‘पहिली’च्या आधी ‘आधुनिक काळातील’ हे शब्द जोडावे लागतात. गोन्सालेस आणि हार्साइम स्वेच्छेने वर गेले आणि परतले. त्या तीन मुलांना वर नेण्यात आले, आणि पुढची पाच शतके ती तेथेच राहिली.