म्हैस, इंजिन आणि व्हायोलिन

आमच्या म्हशीनं पान्हा चोरला आणि त्याचा आळ माझ्या व्हायोलिनवर आला. १९७० सालची गोष्ट. खटाव तालुक्यातलं आमचं गाव औंधपासून चालत दोन तासांवर. मी नववीत होतो. मिरजेहून साठ रुपयांना जुनं व्हायोलिन आणलं होतं, त्यासाठी आईनं स्वतःची शेळी विकली होती. तारेवर गज टेकवला की ओसरीवरून आबा ओरडायचे, "कुत्रं अडकलंय का रं कुठं?" म्हशीचं दूध कमी झालं तेव्हा त्यांनी निकालच दिला, "ह्ये वाजवायचं आसंल तर मळ्यात जाऊन वाजीव."

गावाला भजनातली पेटी ठाऊक. पेटीत सूर आयता असतो, पट्टी दाबली की निघतोच. व्हायोलिनवर ना पडदे, ना खुणा. बोट ज्वारीच्या दाण्याएवढं सरकलं तरी सूर गेला. गज दाबला तर किंचाळतो, सैल सोडला तर घसरतो, आणि राळ घासायची राहिली तर पार मुका. पहिले सहा महिने मी फक्त मोकळ्या तारा ओढल्या. कंटाळा म्हणजे काय ते तेव्हा कळलं.

शिकवायला आमच्याच शाळेतले एक गुरुजी होते. औंधच्या उत्सवात वर्षानुवर्षं बसून त्यांचा कान तयार झालेला. अंतूबुवा जोशांनी १९४० मध्ये शिवानंद स्वामींच्या स्मरणार्थ तो उत्सव सुरू केला. अंतूबुवा औंध संस्थानचे गवई, बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्य. त्यांचे चिरंजीव गजाननबुवा गातही आणि व्हायोलिनही वाजवत. बुवांचं नाव घेताना गुरुजींचा हात आपसूक कानाच्या पाळीला जायचा. दुसरे व्ही. जी. जोग, जन्म १९२२चा, तोही आमच्याच सातारा जिल्ह्यातल्या वाईचा. "बघ, माणसं हितलीच हायत," गुरुजी म्हणायचे.

पहिल्याच दिवशी मी चित्रात पाहिल्यासारखा उभा राहिलो, व्हायोलिन हनुवटीखाली धरून. गुरुजींनी खाली बसवलं. उजवा पाय पुढं, वाद्याचं डोकं घोट्यावर, दुसरं टोक छातीला. असं टेकवलं की डाव्या हाताला वाद्य तोलत बसावं लागत नाही. तो मोकळा होतो आणि बोट तारेवरून घसरत मींड काढू शकतं. तारासुद्धा साहेबाच्या पद्धतीनं लावायच्या नाहीत, सा आणि प यांच्यातच लावायच्या. हे सगळं आपल्या लोकांनी बसवलेलं. मुत्तुस्वामी दीक्षितरांचे धाकटे भाऊ बाळुस्वामी (१७८६-१८५८) मद्रासजवळच्या मणलीत एका युरोपीय वादकाकडून हे वाद्य शिकले आणि त्यांनी त्यावर कर्नाटक संगीत वाजवलं. आज तिकडं गाण्याच्या मैफलीत साथीला व्हायोलिन हवंच. गोव्यात वाट निराळी. तिथं चर्चच्या शाळांतून पोरं स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकत. त्यांच्यातलेच कितीतरी पुढं मुंबईत सिनेमाच्या वाद्यवृंदात बसले. आमच्या गुरुजींना स्वरलिपीचं वावडं होतं. आधी गा, मग वाजव, एवढंच त्यांचं शास्त्र.

मळ्यात विहिरीवर ऑइल इंजिन होतं. मी त्याच्या शेजारी बसायचो. पुक पुक, पुक पुक, आयता ठेका! वर्षभरात हात बरा चालायला लागला असं मला वाटलं. गुरुजी एकदा मळ्यात आले, बांधावर बसून ऐकलं आणि म्हणाले, "इंजिन बंद कर आन् मग वाजव." पाणी चालू होतं, आबा दारं धरत होते, इंजिन कोण बंद करणार? मला तर त्यात गुरुजींचा कोतेपणाच दिसला.

इंजिन बंद पाडलं ते १९७२च्या दुष्काळानं. विहिरीनं तळ दाखवला. मळ्यात चिटपाखरू नाही. त्या शांततेत मी सा लावला आणि अंगावर काटा आला. सूर चढा होता. दीड-दोन वर्षं मी बेसूर वाजवत होतो आणि इंजिननं ते झाकून ठेवलं होतं.

दिवसा दुष्काळी कामावर खडी फोडायची, सुकडी खायची, संध्याकाळी कोरड्या विहिरीच्या काठावर बसायचं. हातोड्यानं बोटांना घट्टे पडलेले, तार बोटाला कळायचीच नाही. म्हणून फक्त कानावर विसंबायचं. रोज एकच काम, सा शोधायचा. तो मिळायला लागेस्तोवर फाल्गुन उजाडला, आणि घरातला कडबा संपला.

विट्याचा एक बँडवाला व्हायोलिन बघायला आला. आई चुलीपुढून उठली नाही. त्यानं खुंट्या पिळून पाहिल्या, घोडी हलवून पाहिली आणि म्हणाला, "वाजवून दाव." मी मांडी मोडून उजवा पाय पुढं घेतला. सा लावला, मग पंचम.

"सूर बरा लागतोय की रं," तो म्हणाला आणि आबांच्या हातावर पस्तीस रुपये मोजले. दुसऱ्या दिवशी म्हशीपुढं कडबा पडला.