खाचर, वरकस आणि जलाशय

राजगड-तोरण्याच्या परिसरातील गुंजण मावळात आणि भोरकडील हिरडस मावळात पर्जन्य विपुल असल्यामुळे जमिनीची प्रत पूर्वापार उतारावरून ठरत असे; ओढ्याकाठच्या बांधबंदिस्त खाचरांत भात पिके, तर डोंगरउतारावरील वरकसात, पालापाचोळ्याचा राब भाजून तयार केलेल्या रोपांवर, नाचणी नि वरई निघे, आणि काही सालांनी ती जमीन पडीक टाकून तिला विश्रांती द्यावी लागे.

ही घडी राज्यक्रांतीने नव्हे, पाण्याने मोडली. पंतसचिवांचे भोर संस्थान १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झाले, पुढे कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरवून कसणाऱ्याचा हक्क मान्य केला. परंतु तत्पूर्वीच, १९२८ साली, येळवंडी नदीवर भाटघरचे लॉईड धरण पुरे झाले होते. उत्तम खाचरे नदीकाठीच असल्याने बुडाली तीच, आणि साठलेल्या पाण्यावर नीरेच्या कालव्यांनी दूर बारामती-फलटणकडे ऊस उभा राहिला. वेल्हे भागात पानशेत, वरसगाव व गुंजवणी या धरणांनी तोच क्रम पुढे चालविला. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटल्याचे पुण्याला स्मरते. त्या धरणासाठी ज्यांची शेते गेली, त्यांची आठवण मात्र क्वचितच निघते, हे मला अन्यायाचे वाटते.

उन्हाळ्यात जलाशयांचे पाणी ओसरले की काठच्या गाळात लोक गाळपेर करतात. वरकसावर, जिथे नाचणी होई, तिथे आता शहरवासीयांची फार्महाउसे उभी राहत आहेत, आणि सातबाऱ्यावर मूळच्या कुळाचे नाव क्वचितच उरते.