लहानसं किनखाब

जपानीत 'को' म्हणजे लहान आणि 'निशिकी' म्हणजे किनखाब, जरीचं भारी कापड. हे नाव ज्याला मिळालं तो हवाईचा सुमो मल्ल सालेवा आतिसानोए भरात असताना पावणेतीनशे किलोंच्या पुढे गेला. बारशालाच कोणी थट्टा केली असं वाटेल. पण कोनिशिकी हे त्याच्याच तालमीतल्या जुन्या मल्लाचं, सतराव्या योकोझुनाचं नाव. पणजोबांचं नाव पणतवाला ठेवतात तसं ते त्याला आलं. 1987 मध्ये तो ओझेकी झाला, म्हणजे योकोझुना या सर्वोच्च पदाच्या एकच पायरी खाली. तिथवर पोचलेला तो पहिला परदेशी.

सुमोतल्या या नावाला 'शिकोना' म्हणतात. 'ना' म्हणजे नाव. शब्दांच्या नादी लागलेल्याने इथे लगेच हुरळून जाऊ नये, मराठी 'नाव'शी हे साम्य निव्वळ योगायोग आहे. 'शिको'चा जुना अर्थ राकट, दांडगा, आणि कुरूपसुद्धा. पुढे लिहिताना चिन्हं बदलली आणि त्याच उच्चाराची, पाय उंच उचलून जमिनीवर दाणकन आपटण्याच्या व्यायामाची चिन्हं रूढ झाली. कानाला शब्द तोच राहिला. डोळ्यांसाठी मात्र कुरूपपणा पुसला गेला.

वर मी तालीम म्हटलं. जपानी शब्द आहे 'हेया', म्हणजे खोली. इंग्रजीत त्याचा चक्क तबेला होतो. मराठीला ही कसरत नको. पोरं तिथेच राहतात, रांधतात, वस्तादाचा शब्द मोडत नाहीत. मग ती तालीमच की. (तालीम मूळची अरबी, अर्थ शिक्षण.)

हवाईच्याच जेसी कुहाउलुआला कोनिशिकीच्याच ताकासागो तालमीने ताकामियामा हे नाव दिलं. 'यामा' म्हणजे डोंगर. 1972 मध्ये नागोयाला तो जिंकला; वरच्या गटाची स्पर्धा जिंकणारा पहिला परदेशी. पण ताकामियामा या नावाने झालेलं हे पहिलं विजेतेपद नव्हे. 1909 साली त्याच तालमीचा आणखी एक ताकामियामा जिंकला होता.

सगळ्यात नाजूक कारागिरी हाकुहोच्या नावात आहे. 2000 साली मंगोलियाहून आलेला हा पोरगा 62 किलोंचा होता. कोणी घ्यायला तयार नव्हतं. नाव मात्र मोठं मिळालं. 1960च्या दशकात काशिवादो आणि ताइहो ही जोडी गाजली. काशिवादोच्या पहिल्या चिन्हाचा दुसरा उच्चार 'हाकु', त्याला ताइहोचा 'हो' जोडून त्या काळालाच 'हाकुहो' म्हणत. वस्तादाने उच्चार तोच ठेवला आणि 'हाकु'साठी पांढऱ्या रंगाचं चिन्ह घातलं. 'हो' म्हणजे पुराणातला अजस्र पक्षी, आपल्या गरुडाच्या पंगतीतला. ताइहोची विजेतेपदं 32. 2015 मध्ये हाकुहोने ती ओलांडली आणि निवृत्त होईपर्यंत 45 केली.

काही नावं मात्र गावाचा पत्ता लपवत नाहीत. बल्गेरियाचा कोतोओशू : 'कोतो' हे तंतुवाद्य, त्याच्या तालमीतल्या नावांची खूण, 'ओशू' म्हणजे सरळ युरोप. एस्टोनियाचा बारुतो म्हणजे बाल्टिक समुद्राचा जपानी उच्चार. चिन्हं केवळ आवाजासाठी जमवलेली. मला स्वतःला ही नावं थोडी आळसातली वाटतात.

पण नाक मुरडावं तर आपला 'पैलवान' आठवतो. फारसी 'पहलवान'च्या मुळाशी 'पहलव' आहे, म्हणजे पार्थियाचा माणूस. संस्कृत ग्रंथांतले पह्लव तेच. म्हणजे मातीत उतरणाऱ्या प्रत्येकाला आपण नकळत एका परक्या मुलखाचं नाव देतो. 'कुस्ती'ही फारसीच. तिचा धागा कमरपट्ट्याच्या जुन्या शब्दाशी जुळतो, आणि पारशी लोक सदऱ्यावर तीन वेढे घेऊन जी लोकरीची कस्ती बांधतात, तीही त्याच घरची. कमरेचा पट्टा धरून झुंजायचं, ती कुस्ती.

सुमोतही पकड कमरेच्या पट्ट्याची, म्हणजे मावाशीचीच, आणि सर्वोच्च पदाचं नावही कमरेवरूनच. 'योको' म्हणजे आडवी, 'त्सुना' म्हणजे दोर. जोडताना 'त्सु'चा 'झु' होतो. 1993 मध्ये हवाईचा चॅड रोवन, म्हणजे आकेबोनो, 'पहाट', पहिला परदेशी योकोझुना झाला. हा दोर बाजारात मिळत नाही. तालमीतली पोरं डोक्याला लाल-पांढऱ्या पट्ट्या बांधून, एका सुरात हाळी देत तो वळतात, आणि नव्या योकोझुनाच्या कमरेभोवती ओढून गाठ मारतात.