उपाशी पिल्लू आणि माणसाचा उंदीर

कॉर्न स्नेक हा अमेरिकेच्या आग्नेय राज्यांतला बिनविषारी साप. न्यू जर्सीतल्या पाइनच्या जंगलांपासून फ्लॉरिडाच्या दक्षिण टोकापर्यंत तो आढळतो. लिनियसने १७६६ साली त्याचे शास्त्रीय वर्णन केले. तांबूस-नारिंगी ठिपके, शांत स्वभाव, साधारण चार-पाच फुटांची लांबी आणि पेटीतसुद्धा सहज होणारी वीण, या गुणांमुळे साप पाळणाऱ्यांच्या जगात नवशिक्याला पहिला साप म्हणून बहुधा याचेच नाव सुचवले जाते. या कौतुकाला एक गालबोट आहे. दरवर्षी अंड्यांतून बाहेर पडणाऱ्या पिल्लांपैकी काही जेवतच नाहीत. समोर उंदराचे नुकते जन्मलेले, केस न फुटलेले गुलाबी पिल्लू (पाळणाऱ्यांच्या बोलीत ‘पिंकी’) ठेवले, तरी ती त्याच्यावरून सरपटत जातात आणि कोपऱ्यात जाऊन बसतात. अशा पिल्लाला हट्टी, नाजूक, नाहीतर जन्मतःच अधू ठरवण्याची रीत जुनी आहे. पण माणसाने साप कसे पोसले याचा गेल्या पावणेदोनशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर निष्कर्ष वेगळा निघतो. पिल्लू खायला नकार देत नाही, ते माणसाने ठरवलेला पदार्थ नाकारते. तो पदार्थ ठरला तो सापाच्या प्रकृतीकडे पाहून नव्हे, तर माणसाच्या सोयीने.

आधी रानातला आहार पाहू. अंड्यातून निघालेले पिल्लू साधारण पाच ते आठ ग्रॅम वजनाचे आणि पेन्सिलीपेक्षा बारीक असते. या वयात त्याला सापडते आणि गिळता येते ते म्हणजे झाडाझुडपांवरचे अ‍ॅनोल जातीचे हिरवे सरडे आणि लहान वृक्षबेडूक. उंदीर-घुशी आणि पाखरे हा मोठ्या सापाचा आहार. बिळातली उंदराची पिल्ले लहान सापाला कधी मिळतही असतील, पण त्याचा भरवसा त्यांच्यावर नसतो. मग घरातल्या पेटीत उंदीर आला कुठून? तो आला प्रयोगशाळेतून. १९००च्या सुमारास मॅसॅच्युसेट्समधल्या ग्रॅन्बी गावी अ‍ॅबी लॅथ्रॉप नावाची बाई हौशी लोकांसाठी रंगीबेरंगी उंदीर पैदा करून विकत असे. हार्वर्डचे आनुवंशिकी अभ्यासक विल्यम कॅसल यांनी तिच्याकडून उंदीर घेतले. त्यांचा विद्यार्थी क्लॅरन्स कुक लिटल याने पुढे १९२९ साली मेन राज्यात जॅक्सन प्रयोगशाळा स्थापन केली आणि पांढरा-काळा पाळीव उंदीर हा वैद्यकीय संशोधनाचा कच्चा माल बनला. विसाएक दिवसांचा गर्भकाळ, एका वेळी सहा-आठ पिल्ले, थोडी जागा, स्वस्त धान्य अशी ही पैदास कोणालाही जमण्यासारखी होती. साप पाळणाऱ्यांनी हा तयार प्राणी उचलला. वाढत्या सापाला अख्खा उंदीर हा हाडा-मांसासकट परिपूर्ण आहारही ठरला. पण निवडीचे पहिले कारण पोषण नव्हते, पुरवठा होते.

हा विसंवाद बराच काळ लक्षात आला नाही, कारण तोवर प्रश्नच वेगळा होता. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८४९ साली सरपटणाऱ्या प्राण्यांचे जगातले पहिले स्वतंत्र घर उघडले. तिथे जिवंत ससे आणि पाखरे सापांपुढे सोडली जात आणि लोक ते पाहायला येत. व्हिक्टोरियन काळात यावर वाद झाला तो भक्ष्याच्या यातनांवरून. सापाला काय वाटते, हा त्यात मुद्दाच नव्हता. १९०७ साली त्याच संस्थेचे चामर्स मिचेल आणि रेजिनल्ड पोकॉक यांनी बंदिवासातल्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आहारावर निबंध लिहिला. मारलेले भक्ष्य देऊनही साप पोसता येतात, हे त्यांनी निरीक्षणांनिशी मांडले. आजच्या गोठवलेल्या उंदरांच्या पुरवठ्याचे हे वैचारिक मूळ म्हणता येईल. तरीही जो साप खात नसे त्याच्यासाठी उपाय एकच होता. त्याला धरायचे, तोंड उघडायचे आणि घास घशाखाली सारायचा. प्राणिसंग्रहालयांत मोठ्या अजगरांवर हा प्रयोग अनेक माणसांच्या बळावर होई आणि लहान सापांवर चिमट्याने. त्यामागची समजूत अशी की सापाला भूक नसली तरी जेवण त्याच्या हिताचे आहे, ते आपण त्याच्यात घालू शकतो.

कॉर्न स्नेकच्या बाबतीत ही वेळ उशिरा आली. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हौशी लोक तो रानातून पकडून आणत. स्टेटन आयलंड प्राणिसंग्रहालयाचे कार्ल काउफेल्ड यांनी १९५७ साली सर्पशोधावर पुस्तक लिहिले. त्यामुळे दक्षिण कॅरोलिनातला ओकीटी हा शिकारी क्लबांचा परिसर सापवेड्यांच्या तीर्थक्षेत्रासारखा झाला आणि तिथल्या ठसठशीत रंगाच्या सापांना ‘ओकीटी कॉर्न’ असे नावच पडले. पकडलेला पूर्ण वाढीचा साप रानात उंदीर खातच मोठा झालेला असे, त्यामुळे पेटीतला उंदीर त्याला परका नव्हता. प्रश्न उभा राहिला तो घरी वीण सुरू झाल्यावर. १९५३ साली उत्तर कॅरोलिनात काळे रंगद्रव्य नसलेला एक नर सापडला. जॉर्जियातल्या व्हॅल्डोस्टाचे त्वचारोगतज्ज्ञ बर्नार्ड बेक्टेल यांनी त्याच्यापासून वंश वाढवला. पहिल्या पिढीत सगळी पिल्ले नेहमीच्या रंगाची निघाली. दुसऱ्या पिढीत, १९६१ साली, काळे रंगद्रव्य नसलेली पहिली पिल्ले जन्माला आली आणि हा गुण अप्रभावी जनुकाने उतरतो हे सिद्ध झाले. आज शेकडो रंगरूपांत विकल्या जाणाऱ्या कॉर्न स्नेकच्या व्यापाराची ही सुरुवात. पण या आनुवंशिकीला एक साधी अट होती, पहिल्या पिढीतले पिल्लू जगून वयात यायला हवे. रानात मेलेल्या पिल्लाची नोंद कोणी ठेवत नाही. पेटीतले पिल्लू मात्र एका प्रयोगाची, आणि पुढे पैशाची, गुंतवणूक झाले. न जेवणारे पिल्लू ‘समस्या’ झाले ते या वळणावर.

ते का जेवत नाही, याचे उत्तर त्याच दशकात मिळू लागले. साप जीभ लपलपवून हवेतले आणि जमिनीवरचे रसायनकण टाळूतल्या एका अवयवाकडे नेतो. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्याचे वर्णन करणाऱ्या डॅनिश शास्त्रज्ञाच्या नावावरून तो जेकबसनचा अवयव म्हणून ओळखला जातो. १९६०च्या दशकात गॉर्डन बर्गहार्ट यांनी अमेरिकेतल्या गार्टर सापांच्या, कधीही काही न खाल्लेल्या नवजात पिल्लांपुढे वेगवेगळ्या भक्ष्यांच्या अर्कात बुडवलेले कापसाचे बोळे धरले. आपल्या जातीच्या नैसर्गिक आहाराचा वास येताच पिल्लांनी कापसावर झडप घातली, इतर वासांकडे बहुधा दुर्लक्ष केले. म्हणजे काय खायचे याची ओळख ती जन्मतःच घेऊन येतात आणि ती ओळख वासाची असते. १९७७च्या सुमारास स्टीव्हन अरनॉल्ड यांनी आणखी पुढचे दाखवले. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर बिनशंखी गोगलगायी मुबलक, तिथल्या गार्टर सापांची पिल्ले त्या खातात. आतल्या कोरड्या भागातली त्याच जातीची पिल्ले बहुतांशी नाकारतात. शिवाय एकाच वस्तीतल्या पिल्लांतही फरक दिसतो आणि त्याचा काही भाग आनुवंशिक असतो. कॉर्न स्नेक पाळणाऱ्यांचा अनुभव याच्याशी जुळतो. फ्लॉरिडा कीज या बेटमाळेतल्या वंशाची पिल्ले सरडे सोडून काही घेत नाहीत, अशी त्यांची ख्याती आहे. पश्चिम टेक्सासच्या करड्या पट्ट्यांच्या किंगस्नेकची पिल्लेही तशीच.

या प्रकाशात पाळणाऱ्यांनी चुकतमाकत शोधलेले उपाय पाहिले, की ते यादृच्छिक तोडगे वाटत नाहीत. पहिली कात टाकेपर्यंत, म्हणजे जन्मानंतर आठ-दहा दिवस, काही देऊ नये, कारण तोवर पोटातला अंड्याचा बलक पुरतो. पेटीची एक बाजू अठ्ठावीस ते तीस अंश उबदार ठेवावी, कारण थंड साप पचवू शकत नाही. पिल्लाला पिंकीसह लहानशा अंधाऱ्या डबीत रात्रभर ठेवावे, कारण उघड्यावर लहान साप स्वतःच कोणाचेतरी भक्ष्य असतो. एवढ्याने भागले नाही तर खरी युक्ती सुरू होते. पिंकी धुऊन तिचा उंदरी वास घालवायचा, मग ती अ‍ॅनोल सरड्याच्या अंगावर घासायची. किंवा पिंकीचे डोके किंचित चिरायचे, म्हणजे मेंदूचा तीव्र वास सुटतो. अनेकदा एवढ्यावर पिल्लू घास घेते. सरड्याचा वास हळूहळू कमी करत गेले की काही जेवणांनंतर ते नुसता उंदीरही खाऊ लागते. बर्गहार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर दाखवले की जन्मजात पसंती खाण्याच्या अनुभवाने बदलू शकते. पाळणाऱ्याची युक्ती नेमकी त्याच फटीतून शिरते. ती पिल्लाचा हट्ट मोडत नाही, त्याच्या भाषेत उंदराची ओळख करून देते.

यावर पहिला आक्षेप असा की बहुसंख्य पिल्ले तर पहिल्याच खेपेला पिंकी गिळतात, तेव्हा न खाणारी अल्पसंख्य पिल्ले कमकुवतच असणार. यातले तथ्य एवढेच की काही पिल्ले खरोखर आजारी वा सदोष असतात. पण सरड्याचा वास येताच जे झडप घालते ते पिल्लू कमकुवत म्हणता येत नाही. अरनॉल्डच्या सापांप्रमाणे ते एका वस्तीतल्या वैविध्याचे एक टोक आहे आणि सरड्यांनी भरलेल्या रानात कदाचित तेच अधिक तगले असते. दुसरा आक्षेप पैदासकारांचा आहे आणि तो वजनदार आहे. अशा पिल्लांना युक्तीने जगवून पुढे वीण घेतली, तर न जेवणारा वंश वाढेल. हे खरे आहे, पण त्यातून निघतो तो पैदाशीचा नियम. अशा सापाची वीण घेऊ नये. त्याला उपाशी मरू द्यावे, असे त्यातून निघत नाही.

तिसरा आक्षेप बळेच भरवणाऱ्यांचा आहे. घास पोटात गेल्याशी कारण. मरणाच्या दारातली काही पिल्ले अशाने वाचलीही आहेत. पण पोटात जाणे म्हणजे खाणे नव्हे, हे महाराष्ट्राला नव्याने सांगायला नको. नागपंचमीला तहानेने व्याकूळ नाग दूध पितो, म्हणून दूध त्याचे अन्न होत नाही. बळेच भरवलेले पिल्लू बरेचदा घास ओकते, धरपकडीने घाबरते आणि पुढच्या वेळी माणसाचा हात व उंदीर दोन्ही टाळते. शेवटचा उपाय म्हणून त्याला जागा आहे, पहिला उपाय म्हणून नाही.

मग सरळ सरडेच का देऊ नयेत? कारण रानातून पकडलेल्या सरड्यांबरोबर परजीवी येतात, त्यांचा पुरवठा टिकाऊ नाही, आणि एका पाळीव प्राण्यासाठी रानातले शेकडो प्राणी उचलणे हेही समर्थनीय नाही. उंदराला चिकटून राहण्याची कारणे आज म्हणूनच चांगली आहेत. पण ती माणसाच्या बाजूची कारणे आहेत, हे विसरले की पिल्लू दोषी ठरते. चिमट्यापासून सरड्याच्या वासापर्यंतचा हा प्रवास सापाला शिस्त लावण्याचा नाही. माणसाने स्वतःची निवड निसर्गाचा नियम समजणे हळूहळू सोडून दिले, त्याचा तो इतिहास आहे. पिल्लू जेवत नसेल तर त्याच्यात खोट शोधण्याआधी पेटीची ऊब, आडोसा, जन्मापासूनचे दिवस आणि घासाचा वास तपासण्याची जबाबदारी त्यामुळे पाळणाऱ्यावर येते. त्याला आपल्या सोयीच्या उंदरावर आणायचे ठरवले ते माणसाने, तेव्हा जुळवून घेण्याचे पहिले पाऊलही त्यानेच टाकायला हवे.