डिलाची मात्रा

‘डोनट्स’ या अल्बममधल्या पहिल्या तुकड्याचं नाव आहे ‘आउट्रो’, म्हणजे समारोप. शेवटच्या, एकतिसाव्या तुकड्याचं नाव ‘इंट्रो’. शेवट थेट सुरुवातीला जाऊन मिळतो. हा अल्बम ७ फेब्रुवारी २००६ रोजी बाजारात आला. तो करणारा जेम्स डिविट यान्सी, म्हणजे जे डिला, त्या दिवशी ३२ वर्षांचा झाला आणि १० फेब्रुवारीला लॉस एंजेलिसमध्ये वारला. त्याच्याविषयीचं बरंचसं लेखन या तीन दिवसांपासून सुरू होतं आणि तिथेच घुटमळतं. ती गोष्ट काळजाला लागते हे खरंच, पण त्याने ध्वनिमुद्रित संगीतात जे केलं ते त्याआधी दहा वर्षं चाललं होतं. ते आपण ज्याला लय म्हणतो तिच्याविषयीचं होतं. म्हणून मागोवा घ्यायचा तर तो यंत्रापासून घ्यायला हवा.

रॉजर लिन या अमेरिकन गिटारवादकाने १९८० साली खऱ्या ड्रमचे आवाज साठवून वाजवणारं यंत्र बाजारात आणलं. वाजवणाऱ्याचं बोट जरासं मागेपुढे पडलं तर यंत्र तो आघात उचलून जवळच्या नेमक्या जागी ठेवत असे. चूक दुरुस्त करणं हाच त्याचा गुण. पुढे लिनने अकाई या जपानी कंपनीसाठी एमपीसी ६० आणि १९९४ मध्ये एमपीसी ३००० ही यंत्रं घडवली. त्यावर सोळा रबरी पॅड असतात. जुन्या रेकॉर्डवरचा एखादा तुकडा कापून पॅडवर ठेवायचा आणि बोटाने वाजवायचा. आत एका मात्रेचे ९६ सूक्ष्म भाग पाडलेले असतात आणि प्रत्येक आघात त्यांतल्या कुठल्या तरी एका भागावर बसतो. हिप हॉपमधल्या बहुतेकांनी हे यंत्र जसं बनवलं होतं तसंच वापरलं. त्यांचा ठेका घट्ट, चौकोनी, भिंतीसारखा सरळ.

डेट्रॉइटच्या कोनंट गार्डन्स वस्तीतल्या या मुलाने त्या ९६ भागांकडे वेगळ्या नजरेने पाहिलं. वडील बास वाजवणारे, आई मॉरीन गाणारी. फंक संगीतकार जॉर्ज क्लिंटनच्या ताफ्यात कीबोर्ड वाजवणारा अँप फिडलर जवळच राहायचा. त्याच्या तळघरात जेम्स एमपीसीवर हात बसवायला शिकला. शाळेतल्या टी थ्री आणि बाटिन या मित्रांबरोबर त्याने ‘स्लम व्हिलेज’ हा गट काढला. १९९४ च्या एका दौऱ्यात फिडलरने त्याची ‘ए ट्राइब कॉल्ड क्वेस्ट’ या हिप हॉप गटातल्या क्यू-टिपशी गाठ घालून दिली, स्लम व्हिलेजची कॅसेट त्याच्या हातात पडली आणि डेट्रॉइटच्या तळघरातला आवाज न्यूयॉर्कला पोचला.

पुढच्याच वर्षी फारसाइड या गटाच्या दुसऱ्या अल्बममध्ये ‘रनिन’ हे गाणं आलं. त्यात स्टॅन गेट्झ आणि लुईझ बोन्फा यांच्या ब्राझिली धाटणीच्या जॅझमधला गिटारचा तुकडा आहे. पण कान थांबतो तो ड्रमपाशी. याच काळात ‘द रूट्स’चा ड्रमर क्वेस्टलव्ह याने डिलाचा ठेका पहिल्यांदा ऐकला आणि आपलं वादनच बदललं, हे त्याने पुढे अनेकदा जाहीरपणे सांगितलं आहे.

हा ठेका नेमका काय आहे? डिलाने यंत्राची दुरुस्ती बंद केली आणि हाताने वाजवलं, असं सरसकट सांगतात. ते अर्धवट आहे. डॅन चार्नस यांनी २०२२ च्या ‘डिला टाइम’ या पुस्तकात हे बारकाईने उलगडलं आहे. डिला काही आघात सरळ ठेवी, काही झोकात, म्हणजे स्विंगमध्ये, ठेवी आणि दोन्ही एकत्र वाजवी. हाय-हॅटच्या झांजा सरळ चाललेल्या, स्नेअर ड्रम केसभर लवकर पडलेला, खालचा किक ड्रम मात्र आपल्याच मनाने सैल. तबला ऐकणाऱ्याला इथे आड लय आठवेल, पण आड लयीचं गणित ठरलेलं असतं, तिचा हिशेब समेवर चुकता होतो. डिलाकडे सरळ आणि झोकदार या दोन चाली एकाच मात्रेत शेजारी नांदतात आणि शेवटपर्यंत त्यांची तडजोड होत नाही. मला त्याची सगळी थोरवी इथे दिसते. चूक पुसायला बनवलेल्या यंत्रावर त्याने माणसाच्या हाताचा डळमळता तोल जाणूनबुजून, मोजून बसवला.

पण या कामावर त्याचं नाव शोधायला गेलं की पंचाईत होते. १९९६ च्या ‘ट्राइब’च्या अल्बमवर निर्माते म्हणून ‘द उम्मा’ असं सामूहिक नाव आहे. क्यू-टिप, अली शहीद मुहम्मद आणि डिला तिघे त्यात सामावलेले. स्लम व्हिलेजचा ‘फँटॅस्टिक’चा पहिला भाग तर कित्येक वर्षं नकललेल्या कॅसेटींवरूनच फिरला, अधिकृतपणे निघाला तो २००५ मध्ये. २००० साली एकाच वर्षात कॉमनचा ‘लाइक वॉटर फॉर चॉकलेट’, एरिका बडूचा ‘मामाज गन’ आणि ‘फँटॅस्टिक’चा दुसरा भाग आला आणि तिन्हींत त्याचा हात होता. त्याच वर्षीच्या डी’अँजेलोच्या ‘वूडू’वर निर्माता म्हणून तो नाही, पण क्वेस्टलव्ह तिथे ड्रमवर जे वाजवतो ते डिलाच्या यंत्राचं हाताने केलेलं रूप आहे. यंत्राने माणसाची नक्कल केली आणि मग माणसाने त्या यंत्राची, असा हा उलटा प्रवास. अमेरिकन संगीताच्या इतिहासात याला तोड नाही असं मला वाटतं.

‘जे डी’ हे आधीचं नाव त्याने बदललं, कारण जर्मेन डुप्री हा निर्माताही त्याच आद्याक्षरांनी ओळखला जाई. २००१ मध्ये ‘वेलकम टू डेट्रॉइट’ हा पहिला स्वतंत्र अल्बम आला. त्यानंतर मोठ्या कंपनीसाठी केलेला अल्बम कंपनीने अडकवून ठेवला, तो ‘द डायरी’ म्हणून थेट २०१६ मध्ये उजेडात आला. त्या वैतागातून २००३ मध्ये ‘रफ ड्राफ्ट’ निघाला, खरखरीत आणि मुद्दाम कच्चा. त्याच वर्षी मॅडलिब या निर्मात्याबरोबर ‘चॅम्पियन साउंड’ झाला. या मॅडलिबने पुढे मुंबईच्या हिंदी चित्रपटगीतांचे तुकडे वापरून आपल्या एका अल्बम-मालिकेत भारतावर दोन भाग काढले आणि त्यापुढचे दोन भाग डिलाला वाहिले. आपल्या स्टुडिओंचा या वंशावळीशी धागा जुळतो तो असा, लांबून.

आता ‘डोनट्स’. रक्ताचा एक दुर्मीळ विकार आणि ल्युपस यांनी डिलाला २००२ पासून घेरलं होतं. अल्बम पूर्णपणे इस्पितळात झाला ही दंतकथा आहे. गाभा आधीच्या एका बीट टेपमध्ये, म्हणजे नुसत्या ठेक्यांच्या संग्रहात, होता. पण २००५ च्या उन्हाळ्यात तो खाटेवर असताना छोटं यंत्र आणि रेकॉर्ड त्याच्यापर्यंत पोचवल्या गेल्या, तो काम करत राहिला आणि आई त्याच्या सुजलेल्या बोटांना मालीश करत राहिली. यातल्या ‘डोन्ट क्राय’मध्ये त्याने एस्कॉर्ट्स या गटाचं जुनं सोल गाणं घेतलं आहे. आधी तो ते जवळजवळ जसंच्या तसं वाहू देतो. मग त्याच गाण्याच्या चिरफळ्या करून नवीन क्रमाने मांडतो. साहित्य तेच, स्वर तेच, पण रडणं आता वेगळंच. कापणं आणि जोडणं ही केवळ कारागिरी आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी हा तुकडा ऐकावा.

मृत्यूनंतर ध्वनिमुद्रणांची यादी वाढतच गेली. कॅरीम रिगिन्सने पूर्ण केलेला ‘द शायनिंग’ त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आला, पीट रॉकच्या हातून गेलेला ‘जे स्टे पेड’ २००९ मध्ये. पुढच्या काही संग्रहांत नुसते राहिलेले तुकडे गोळा केलेले दिसतात. डिलाने स्वतः ते तसे बाहेर सोडले असते असं मला वाटत नाही. त्यापेक्षा त्याचा खरा वारसा वाजवणाऱ्यांच्या हातांत आहे. पियानोवादक रॉबर्ट ग्लास्परने २००७ मध्ये जॅझ त्रिकुटासाठी त्याच्या चाली बांधल्या, मिगेल अ‍ॅटवुड-फर्ग्युसनने पूर्ण वाद्यवृंदासाठी. जॅझ शिकणारी मुलं आज हा डळमळता ठेका रियाज करून हातात बसवतात. त्याचं एमपीसी ३००० आईने २०१४ मध्ये वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाला दिलं.

वाचकांना एकच विनंती. ‘फँटॅस्टिक’चा दुसरा भाग लावा आणि मांडीवर टाळी धरून ऐका. पहिली काही मिनिटं टाळी चुकल्यासारखी वाटेल. सोडू नका, धरून ठेवा.