कळफलकाचा टीव्ही गेम : शैक्षणिक शब्दखेळांची बाजारपेठ आणि वसईचा ग्राहक

राजोडी हे वसई तालुक्यातील, अर्नाळ्याच्या दक्षिणेकडील समुद्रकाठचे गाव असून वाडीतील बागायत आणि लोकलने गाठायची मुंबईतील नोकरी या दोहोंवर उत्तर वसईच्या या पट्ट्याची घरे चालत आली आहेत. घरात सामवेदी किंवा वाडवळी बोली, शाळेत प्रमाण मराठी आणि पुढील पिढीसाठी इंग्रजीची ओढ, अशी तीन थरांची भाषास्थिती येथील अनेक कुटुंबांत आढळते. टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्रांवर, म्हणजे गेम कन्सोलवर, ‘शिक्षण’ या नावाखाली जे शब्दखेळ विकले गेले, त्यांचा इतिहास अशा ग्राहकाच्या बाजूने पाहिला तर एक गोष्ट ठळकपणे दिसते : हा माल खेळणाऱ्या मुलासाठी नव्हे, तर पैसे मोजणाऱ्या पालकासाठी घडवलेला होता.

या मालाची सुरुवात अमेरिकेत झाली. १९७८ साली अटारीने आपल्या कन्सोलसाठी ‘हँगमन’ हा अक्षरे ओळखून शब्द पुरा करण्याचा खेळ आणला आणि त्याच वर्षी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचे ‘स्पीक अँड स्पेल’ हे स्पेलिंग विचारणारे बोलके खेळणे बाजारात आले. जपानमध्ये निन्टेन्डोने १५ जुलै १९८३ रोजी फॅमिकॉम हा कन्सोल विक्रीस काढला आणि चारच महिन्यांनी, २२ नोव्हेंबरला, पॉपाय या कार्टूनपात्राच्या आधारे जपानी मुलांना इंग्रजी शब्दांचे स्पेलिंग शिकवणारा खेळ त्यावर आणला. पाठोपाठ डिसेंबरात गणिताचा खेळ आला. अमेरिकेत मात्र ‘शिक्षण मालिका’ म्हणून जाहीर झालेल्या संचात हा गणिताचा एकच खेळ राहिला आणि मालिका तेथेच थांबली. ज्या यंत्रावर मारिओ उड्या मारतो, त्यावर बेरजा करायला मूल राजी होत नाही, हे निर्मात्यांना लवकर उमगले असावे.

आशियात मात्र याच कल्पनेला वेगळ्या मार्गाने गिऱ्हाईक मिळाले. चीनमधील सुबोर या कंपनीने १९९० च्या दशकात फॅमिकॉमच्या नकलेला कळफलक जोडला, तिला ‘शिकण्याचे यंत्र’ म्हटले आणि जाहिरातीत जॅकी चॅनला उभे केले. भारतात तोवर ‘सामुराई’, ‘लिटल मास्टर’ अशा नावांची यंत्रे टीव्ही गेम म्हणून रुळली होती आणि खेळ साठवलेल्या, बदलता येणाऱ्या डबीला सर्रास ‘कॅसेट’ म्हटले जाई. ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवरील संख्यात्मक निर्बंध, म्हणजे परवान्याविना माल आणू न देणारी बंधने, १ एप्रिल २००१ रोजी पूर्णपणे उठेपर्यंत परदेशी माल शोधायचा तो मुंबईतील मनीष मार्केट, हिरा पन्ना किंवा लॅमिंग्टन रोड येथे. आणि लॅमिंग्टन रोड ग्रँट रोड स्थानकाजवळ असल्याने पश्चिम रेल्वेवरच्या वसई-विरारकरांना तो सोयीचा होता. १९९८ साली मुंबईत सुरू झालेल्या मिताशी या कंपनीने मनोरंजन आणि शिक्षण यांची सांगड आपल्या ‘एज्युटेनमेंट’ या नोंदणीकृत नावातच घातली, आणि टीव्ही गेमबरोबर मुलांचे शैक्षणिक लॅपटॉपही विकले.

कळफलकाच्या यंत्रांतील शब्दखेळ साधेच असत : वरून पडणारे अक्षर जमिनीला लागण्याआधी त्याची कळ दाबणे, गाळलेले अक्षर भरणे, चित्र पाहून स्पेलिंग जुळवणे. तरीही त्यांना मागणी येण्याची कारणे यंत्राबाहेर होती. राज्य शासनाने २००० साली मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आणले. २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनचा एमएस-सीआयटी हा संगणक साक्षरतेचा अभ्यासक्रम अल्पावधीत नोकरीच्या अर्जातील परिचित ओळ बनला. आणि खरा संगणक सामान्य घराच्या आवाक्याबाहेर होता. कळफलक असलेला टीव्ही गेम इंग्रजी आणि संगणक या दोन्ही आशा स्वस्तात दाखवत असे. विक्रेत्याने दाखवायचा तो कळफलक, मुलाने मागायची ती गोळीबाराची कॅसेट, असा हा व्यवहार होता आणि त्यात फसवणूक म्हणावी इतके काही नव्हते, कारण दोन्ही पक्ष एकमेकांना ओळखून होते.

या साऱ्यात मराठी शब्द मात्र कोठेच नव्हता, आणि त्याचे कारण केवळ व्यापाऱ्याची उदासीनता नव्हे. फॅमिकॉम जातीचे यंत्र पडद्यावरचे चित्र आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकोनी तुकड्यांतून जुळवते आणि पार्श्वभूमीसाठी एका वेळी असे २५६ तुकडे हाताशी ठेवते. इंग्रजीची २६ अक्षरे त्यात सहज मावतात, जपानी ‘काना’ लिपीही मावते. परंतु देवनागरीत शिरोरेषेवर वेलांटी व मात्रा, खाली उकार आणि शेजारी जोडाक्षराची मोडणी येते, त्यामुळे एका अक्षराला दोन-तीन तुकडे लागतात आणि बाराखडी मांडतानाच साठा संपू लागतो. शब्दखेळाची मूळ रचनाही येथे अडते : मराठी शब्दकोड्यात एका घरात कान्या-मात्रेसह पूर्ण अक्षर बसते, तर स्क्रॅबलसारख्या खेळात सुटी चिन्हे हाताळायची असतात. १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने डॉसवर चालणाऱ्या संगणकांत भारतीय लिप्या दाखवण्यासाठी जिस्ट हे स्वतंत्र कार्डच पुरवले, यावरून काम किती अवघड होते हे समजते. काही शे रुपयांच्या खेळण्यासाठी तो खटाटोप कोणी करणार नव्हते. अशक्य मात्र ते नव्हते. त्यावर पैसा लावावा असे कोणाला वाटले नाही, एवढेच खरे.

२००५ साली जपानमध्ये आलेल्या ‘ब्रेन एज’ या खेळाने प्रौढांनाच बुद्धीचा व्यायाम विकून जगभर प्रचंड खप मिळवला आणि शैक्षणिक खेळाचा ग्राहक व खेळाडू एकच असू शकतो हे दाखवले. भारतात प्लेपॉवर या गटाने २००९ च्या सुमारास मॅकआर्थर फाउंडेशनच्या अनुदानावर, याच स्वस्त नकली यंत्रांसाठी शैक्षणिक खेळ रचण्याचा प्रयत्न केला, आणि त्याच वर्षी प्लेस्टेशन २ वर ‘हनुमान : बॉय वॉरियर’ व ‘देसी अड्डा’ हे भारतात घडवलेले खेळ आले. यांत देशी मिथक आले, मैदानी खेळ आले, शब्दखेळ आला नाही. मोबाइलने देवनागरीची अडचण सोडवली तेव्हा घराघरातल्या टीव्ही गेमचा काळ ओसरला होता, आणि मराठी शब्दकोडे तोवर वर्तमानपत्राच्या पानावरच राहिले.