ऐक्यासाठी आठ दिवस

जानेवारीत निरनिराळ्या पंथांचे ख्रिस्ती जन एके ठिकाणी प्रार्थनेस जमतात, याचे आज आम्हांस नवल वाटत नाही. आमच्या आजोबांस मात्र ते पाप वाटले असते.

सन १९०८ मध्ये अमेरिकेतील ग्रेमूर येथे पॉल वॉटसन या अँग्लिकन धर्मगुरूंनी हा प्रघात पाडिला. १८ जानेवारीस संत पेत्राच्या आसनाचा सण, २५ रोजी संत पौलाच्या परिवर्तनाचा. हे आठ दिवस त्यांनी निवडिले. पुढल्याच वर्षी ते स्वतः कॅथलिक झाले, व १९१६ साली पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी हा अष्टाह सर्व ख्रिस्तसभेत पाळण्यास सांगितले. तथापि इतरांनी रोमकडे परतावे, हाच त्या प्रार्थनेचा रोख होता. मग इतरांनी तीत मनापासून सामील व्हावे तरी कसे? लियों येथील फादर पॉल कुत्युरिए यांनी १९३५ च्या सुमारास ही अडचण ओळखली. ख्रिस्ताच्या इच्छेप्रमाणे व त्याला रुचेल त्या मार्गाने ऐक्य व्हावे, एवढेच मागा, असे ते सांगू लागले. आमच्या मते या इतिहासाचा खरा सांधा येथेच आहे. १९६४ साली व्हॅटिकन परिषदेने सहप्रार्थनेस संमती दिली व १९६८ पासून संयुक्तपणे तयार केलेली प्रार्थनापत्रिका वापरात आली.

२०१३ ची पत्रिका भारतातील ख्रिस्ती विद्यार्थी चळवळीने सिद्ध केली. मीखा संदेष्ट्याचा प्रश्न घेऊन तिने दलित बांधवांचे दुःख जगापुढे मांडिले. पंथभेद मिटावा म्हणून हात जोडणाऱ्यांस तिने जातिभेदाविषयी विचारिले, आणि तो भेद आमच्या देवळांतूनही नांदत होता, हे आम्हांस नाकारता आले नाही.